सुई कोरडी, तरी तळ गच्च: केक पूर्ण भाजला हे नक्की कशावरून ओळखायचं?

सुपारीबाग:
आंब्याचा बिनअंड्याचा रवा केक. प्रमाण असं: बारीक रवा २०० ग्रॅम, हापूसचा ताजा रस २५० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, तेल ७५ मिली, दूध १०० मिली, बेकिंग पावडर एक चहाचा चमचा, खायचा सोडा पाव चमचा. सात इंची ॲल्युमिनियमचा डबा, ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १८० वर, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, ४० मिनिटं. रंग छान येतो, कडा सुटतात, मधोमध सुई घातली तर कोरडी. आणि कापलं की तळाला बोटभर थर खरवसासारखा गच्च.

हा थर कच्चा म्हणायचा की आणखी काही? आणि सुई कोरडी येऊनही असं होत असेल तर भरवसा ठेवायचा कशावर? कुकरमध्ये, कढईत करणाऱ्यांनीही लिहा, आपल्याकडे ओव्हन घरोघरी नाही. धोंडस (तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा केक) आणि फणसाच्या केकलाही हेच नियम लागतात का, तेही कळलं तर बरं.

कातळसडा:
आधी तो थर कच्चा आहे की नुसता खाली बसलाय, हे ठरवा. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. थरातला तुकडा चिमटीत चुरडून बघा. बोटांना चिकट लगदा लागला आणि जिभेला कच्च्या पिठाची चव आली तर भाजणी कमी पडली. चव शिजलेली आहे पण जाळी नाही, तर भाजणी झाली आहे, मिश्रणच जड होऊन खाली उतरलं. आणि दाताखाली कण कचकच लागले तर रवा भिजलाच नव्हता.

तुम्ही रवा भिजवल्याचं लिहिलेलं नाही, त्यामुळे माझा संशय तिकडेच. कोरडा रवा रसात कालवून लगेच ओव्हनला लावला की मिश्रण पातळ असतं आणि कण जड. ते फुगून घट्ट व्हायच्या आत तळाशी जातात. रवा, रस, साखर, दूध, तेल एकत्र करून निदान अर्धा तास झाकून ठेवा. तेवढ्यात ते इतकं घट्ट होईल की पळीतून धार न पडता गोळा पडेल. मग दोन-तीन चमचे दूध घालून सैल करा. पळीतून जाडसर, सलग पडायला हवं. सोडा आणि बेकिंग पावडर अगदी शेवटी. ओव्हन आधी तापलेला हवा, कारण ओल्या आंबट रसात सोडा पडला की फसफस तिथेच सुरू होते. मिश्रण बाहेर थांबलं तर तो जोर वाया जातो.

सुईबद्दल. गुळगुळीत स्टीलची सुई किंवा सुरी वर ओढताना वरच्या कोरड्या भागातून पुसली जाते. टोकाला खालचं काही लागलं असलं तरी बाहेर येईपर्यंत निम्मं पुसलेलं असतं. त्यात बरेच जण सुई अर्ध्यापर्यंतच घालतात. टोक डब्याच्या बुडाला टेकलं पाहिजे, तीन-चार सेकंद तिथेच राहिलं पाहिजे, आणि बाहेर काढल्यावर बघायचं ते शेवटच्या एका सेंटीमीटरकडे.

भट्टीकाठ:
सुईच नको, हीर वापरा. माडाच्या झावळीतला ताजा हीर तासून, धुऊन, पुसून घ्यायचा. त्याला किंचित खरखरीतपणा असतो, ओलं पीठ त्याला धरून राहतं. लाकडी टूथपिकही चालते, पण ती आखूड. सात इंची खोल डब्याच्या तळापर्यंत पोचत नाही. (खराट्यातला हीर ओढून वापरणाऱ्यांना मात्र हात जोडून नमस्कार.)

कुठे टोचता तेही बघा. वर चीर गेली असेल तर चिरेतून टोचू नका, तिथली वाफ आधीच निघून गेलेली असते आणि तो भाग सगळ्यात आधी वाळतो. चिरेपासून बोटभर बाजूला, पण मध्याजवळच. मध्ये नळी असलेला डबा असेल तर नळी आणि कड यांच्या बरोबर मध्ये. मनुका, आंब्याच्या फोडी, चॉकलेटचे तुकडे घातले असतील तर एकदा टोचून भागत नाही. फोड टोचली गेली की हीर ओला येणारच. दोन-तीन जागी टोचा. चॉकलेट चकचकीत आणि गुळगुळीत लागतं, कच्चं पीठ फिकट आणि दाट. एकदा नीट पाहिलं की घोटाळा होत नाही.

आणि हीर ठणठणीत कोरडा येईपर्यंत थांबायचं नसतं. मैद्याच्या, लोणी घातलेल्या केकला दोन-चार ओलसर चुरे चिकटले की बाहेर काढायचा. डबा बाहेर आल्यावरही आतली उष्णता मध्याकडे सरकत असते, पुढची पाच-सात मिनिटं केक भाजतच असतो. हीर अगदी कोरडा येईपर्यंत ठेवला तर कडेचा इंचभर भाग दुसऱ्या दिवशी घशाला लागतो.

ओसरी:
हीर नंतर. त्याआधी नाक आणि कान. वास घरभर सुटला म्हणजे कड भाजली, मध्य अजून बाकी. तिथून पुढे साधारण पाच ते दहा मिनिटं. मग डबा कानाजवळ आणून ऐका (फडक्याने धरा, कान टेकवू नका). बारीक चुरचुर जोरात ऐकू येत असेल तर आत पाणी अजून उकळतंय. अगदी मंद झाली की झाला. पूर्ण शांत असेल तर थोडा जास्तच झालाय.

सुपारीबाग:
@कातळसडा, बरोबर, रवा भिजवत नाही. दाताखाली कण लागतात. आणि बोटाने दाबून बघायचं ते? वरून दाबलं तर केक उसळी घेतो, मग तळ कसा गच्च राहतो?

कातळसडा:
बोट फक्त वरच्या दोन-तीन सेंटीमीटरबद्दल सांगतं. अंडी घातलेल्या स्पंजला ही परीक्षा उत्तम, कारण अंड्याचं जाळं धरलं की तो भाग खड्डा भरून काढतो. बिनअंड्याच्या, कंडेन्स्ड मिल्क घातलेल्या केकला ती जेमतेम लागू पडते. तो पूर्ण भाजला तरी मऊच राहतो, बोटाचा ठसा थोडा उरतो. शिवाय त्यात दुधातली साखर भरपूर, त्यामुळे रंग फार लवकर चढतो. १८० ऐवजी १६० ते १६५ वर, दहा-पंधरा मिनिटं जास्त, असं भाजा. दोन-तृतीयांश वेळ गेल्यावर वरून ॲल्युमिनियमची फॉईल सैल ठेवली तर वरचा भाग करपत नाही.

रव्याच्या केकला तर उसळीची अपेक्षाच नको. रवा फुलून घट्ट बसतो. तिथे दाबल्यावर बोट खाली जात नाही आणि बोटाला ओल लागत नाही, एवढंच बघायचं.

भट्टीकाठ:
कडा सुटण्यावरही किती विसंबायचं ते डब्यावर ठरतं. तुपाचा हात फिरवून वर मैदा भुरभुरवला असेल तर कड सुटणं ही चांगली खूण. बाजूंना कागद लावला असेल तर कड कागदाला धरून बसते, सुटलेली दिसतच नाही. आणि उंच फुगणाऱ्या हलक्या स्पंजच्या डब्याच्या कडांना मुद्दाम तूप लावत नाहीत. तिथे कड सुटली तर उलट केक बसला समजा.

तुमच्या ओटीजीत डबा कुठल्या खाचेत आहे? वरच्या रॉडजवळ असेल तर वर रंग येतो, कडा आक्रसतात, तळ मागे राहतो. सात इंची डबा असा ठेवा की केकचा मध्य ओव्हनच्या मध्याशी येईल. म्हणजे जाळी बहुतेक वेळा मधल्याच्या खालच्या खाचेत. ट्रेवर डबा ठेवत असाल तर ट्रे काढा, जाळीच वापरा. ट्रे खालची उष्णता अडवतो.

पागोळी:
यात विजेचाही भाग आहे, किनाऱ्यावर तर जास्तच. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० व्होल्टवर जो रॉड पूर्ण तापतो, तोच १९० व्होल्टवर साधारण ६८ टक्केच काम करतो. थर्मोस्टॅट असल्याने तापमान शेवटी गाठलं जातं, पण दहा मिनिटांत तापणारा ओव्हन पंधरा-सतरा मिनिटं घेतो. घड्याळ लावून 'दहा मिनिटं तापवला' म्हणणारे इथे फसतात. दिवा किंवा रॉड एकदा बंद होईपर्यंत थांबा. त्याहून बरं म्हणजे जाळीला अडकवायचं ओव्हन थर्मामीटर. बटणावर १८० असताना आत १६५ किंवा २०० असणं घरगुती ओटीजीत नेहमीचं आहे.

मध्येच लाईट गेली तर दार उघडू नका. दोन-तृतीयांश वेळ होऊन गेला असेल तर ओव्हनच्या साठलेल्या उष्णतेवर केक बहुधा तरतो. लाईट आल्यावर पुन्हा १६० वर ठेवून हिराने तपासा. पहिल्या पंधरा मिनिटांतच गेली आणि अर्ध्या तासाने आली, तर मध्य खाली बसणार, ते टळत नाही.

पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी. बेकिंग पावडर दमट होऊन मरते. अर्धा कप गरम पाण्यात एक चमचा टाकून बघा, लगेच जोरात फसफसली पाहिजे. सोड्यावर लिंबू पिळून तशीच परीक्षा. दुसरं म्हणजे वरून चिकट लागणारा केक म्हणजे कच्चा केक नव्हे. साखर हवेतली ओल ओढून घेते, म्हणून जुलैत पूर्ण भाजलेल्या केकचा वरचा भागही तासाभरात चिकट होतो.

ओसरी:
कुकरवाल्यांसाठी. शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचं. तळाला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जाड मिठाचा थर, त्यावर कड्याचं स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचं. मग डबा ठेवून आच मंद. वाळू वापरायची तर धुऊन पूर्ण सुकवलेली. समुद्रावरून थेट उचललेली नको, ओल असते, शंखशिंपल्यांचे तुकडे तडकतात. मीठच सोपं. तेच मीठ बरणीत ठेवून परत परत वापरता येतं, खायला मात्र नाही.

यात वरून उष्णता जवळजवळ नाही, म्हणून रंगावर जाऊच नका. पांढरट दिसणारा केक आतून पूर्ण झालेला असतो. लोक रंगाची वाट बघत बसतात आणि बुडाला करपवतात. दुसरी अडचण झाकणाची. आतली वाफ झाकणाला लागून परत केकवर टपकते, त्यामुळे वर ओले डाग पडतात आणि ते कच्चे वाटतात. कढईत करत असाल तर झाकणाला आतून सुती फडकं गुंडाळा, टोकं वर बांधा, खाली लोंबू देऊ नका. सात इंची डब्याला कुकरमध्ये ५० ते ६० मिनिटं धरून चाला. ४० मिनिटांच्या आत झाकण काढायचं नाही.

तवसं_आणि_गूळ:
धोंडसाला यातले निम्मे नियम लागूच होत नाहीत. अंडं नाही, मैदा नाही, फुगणं नावापुरतं. पिकलेल्या मोठ्या तवशाचा कीस पाण्यासकट दोन वाट्या, तांदळाचा जाडसर रवा कोरडा भाजून एक वाटी, गूळ पाऊण वाटी, ओलं खोबरं अर्धी वाटी, मीठ, वेलची, थोडी हळद. तवशाचं पाणी फेकायचं नाही, रवा त्यातच शिजतो. आधी पातेल्यात सगळं ढवळत, रवा पाणी पिऊन कडेने सुटेपर्यंत आटवायचं आणि मग हळदीच्या पानावर थापून भाजायला ठेवायचं. न आटवता थेट ओतलं की वर कोरडं, खाली खीर.

रंग पहिल्यापासून गुळाचा, म्हणून रंग बाद. हीर गरम असताना कधीच कोरडा येत नाही, गूळ चिकटतोच. बघायचं ते चिकटलेल्यात पांढरट कण दिसतात का. कण बोटात दाबून बघा. मधे कडक टिचला तर अजून पंधरा मिनिटं, वर पाण्याचा हबका मारून, झाकून. कण मऊ आणि हीर नुसता गुळाने चिकट, तर झालं.

निखाऱ्यांवर करणार असाल तर खाली एक भाग, वर झाकणावर दोन भाग. करवंटीचे निखारे उत्तम, आच बराच वेळ टिकते. सोडणं (नारळाची सालं) लगेच बसतात आणि धूर करतात. खाली जास्त निखारे ठेवले की गूळ बुडाला करपतो, त्याचा कडवटपणा सगळ्यात उतरतो.

आणि गरम धोंडास कापूचा नाय. पूर्ण थंड झाल्यावरच वडी पडते. गरम कापून 'कच्चं राहिलं' म्हणणारे पुष्कळ.

घाटमाथा:
आत टोचायचा थर्मामीटर घेतला तर हा सगळा वाद मिटतो. मैद्याचा साधा केक मध्यात ९६ ते ९९ अंश सेल्सियस झाला की झाला.

कातळसडा:
मैद्याच्या केकपुरतं मान्य. धोंडस आणि रसाच्या रवा केकला मिटत नाही. त्यांत पाणी इतकं असतं की मध्य ९७-९८ ला लवकर पोचतो आणि पाणी उडेपर्यंत तिथेच घुटमळतो. आकडा झाला, पण रव्याचा कण मऊ व्हायला वेळ लागतो, नुसती उष्णता पुरत नाही. म्हणून रव्याला आकडा गाठल्यावर आणखी आठ-दहा मिनिटं द्यायची आणि कण तपासायचा.

घाटमाथा:
हे पटलं. आणखी एक: किनाऱ्यावर थर्मामीटर तपासणं सोपं, उकळत्या पाण्यात १०० दाखवला पाहिजे. घाट चढून वर आलात तर दर ३०० मीटरला साधारण एक अंश वजा. महाबळेश्वरला पाणी साडेपंच्याण्णवच्या आसपास उकळतं. तिथे ९८ ची वाट बघत बसलात तर केकचं टोस्ट होईल. ९३-९४ ला काढा.

भट्टीकाठ:
ऑर्डरी घेणाऱ्यांसाठी तराजू हीही चांगली खूण. मिश्रण भरलेला डबा आत जाताना आणि बाहेर आल्यावर तोला. साध्या केकमध्ये मिश्रणाच्या वजनात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास घट येते. तुमच्या प्रमाणाचा, तुमच्या डब्याचा आकडा एकदा बसला की पुढे ६०० ग्रॅम मिश्रणात ६० ऐवजी २५ ग्रॅमच कमी झाले तर न कापता कळतं, आत पाणी राहिलंय.

सुपारीबाग:
फणसाचं कोणी सांगेल का? बरक्याचा (मऊ, रसाळ गऱ्यांच्या फणसाचा) रस वापरून.

तवसं_आणि_गूळ:
बरक्याचा रस चाळणीवर घासून, धागे काढूनच घ्या. धागे हिराला गुंडाळून येतात आणि हीर ओला दिसतो, केक झालेला असला तरी. रस फार पातळ असेल तर जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ढवळत निम्मा आटवून, पूर्ण गार करून मग मोजा. कापा (घट्ट गऱ्यांचा) फणस घ्यायचा तर गरे बारीक चिरून, मैद्यात घोळवून घाला, नाहीतर तळाशी बसतात आणि प्रत्येक गऱ्याभोवती ओला डाग राहतो. तो डाग कच्चा नसतो, गऱ्याचं पाणी असतं. बाकी वेळेला घाई नको, १६५ वर ५० ते ५५ मिनिटं.

पागोळी:
गोव्याकडचा बाथ (रवा-खोबऱ्याचा केक) करणाऱ्यांनीही मिश्रण रात्रभर ठेवायचं ते रवा भिजावा याचसाठी. सकाळी ते इतकं घट्ट होतं की चमचा उभा राहावा. ओलं खोबरं घातलेला केक मात्र आपल्या हवेत बाहेर दुसऱ्या दिवशीच आंबूस होऊ लागतो, कितीही नीट भाजला तरी. पूर्ण गार करून फ्रिजमध्ये.

ओसरी:
बेबिंकाला (गोव्याचा थराथरांचा केक) आणि वेगळं. तिथे पूर्ण केक भाजला का हा प्रश्नच नाही, प्रत्येक थर वरच्या आचेखाली स्वतंत्र भाजायचा. थरावर तूप सुटून बुडबुडे आले आणि ठिकठिकाणी तपकिरी डाग पडले की चमचाभर तूप सोडून पुढचा थर. फिकट थरावर दुसरा ओतला तर ते दोन थर एक होऊन कापताना घसरतात.

सुपारीबाग:
रवा भिजवून, जाळी एक खाच खाली घेऊन करते. शेवटचा प्रश्न: कापल्यावर कच्चा निघाला तर परत ओव्हनमध्ये घालता येतो का?

कातळसडा:
डब्यातून काढायच्या आधी, गरम असतानाच कळलं तर हो. हिराने कळतं, कापायची गरज नाही. वर फॉईल, १६० वर दहा ते पंधरा मिनिटं. मध्य थोडा खचलेला राहील, पण शिजेल. गार झालेला, कापलेला केक परत अखंड भाजून उपयोग नाही. सोड्याचा जोर केव्हाच संपलेला असतो, कडा दगड होतात आणि मधला थर तसाच. त्याच्या बोटभर जाड चकत्या करून, जाळीवर पसरून १५० वर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, एकदा उलटून. चहाबरोबर रस्क म्हणून जातात.

नीट भाजलेला केकही डब्यात दहा मिनिटांहून जास्त ठेवू नका. वाफ तळाशी कोंडते आणि तिथे ओला थर धरतो, तोही लोक कच्चा समजतात. जाळीवर उलटा काढा. जड फळांचा केक तेवढा अपवाद, तो गरम काढला तर मोडतो, म्हणून डब्यातच गार होऊ द्यावा.

भट्टीकाठ:
+१. आणि जाळी नसेल तर उपड्या वाटीवर चाळण ठेवून त्यावर काढा. ताटात थेट काढलात तर तळ घामेजणारच.